धाकटी जाऊ

शार्क बघायला जाते म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. माझ्या अंगावर तो येतो पहाटे सव्वापाचला, कालचा ओला वेटसूट चढवताना. शार्कचं काय घेऊन बसलात! ती बिचारी येते, बघते न बघते, निघून जाते. सहा महिन्यांत एकीनंही माझ्याकडे मान वळवून पाहिलेलं नाही. सासरी गेल्यासारखं वाटतं अगदी.

सासर म्हणायचं कारण आमच्या मॅडम. गेली बारा वर्षं त्या या खाडीच्या तोंडाशी येणाऱ्या शार्क मोजतायत, आणि प्रत्येकीला त्यांनी नात्यातलं नाव दिलंय. काकू, वन्स, मामी, विहीणबाई. शार्कच्या कुशीवर ठिपके असतात, आणि एकीचे दुसरीसारखे नसतात. त्या ठिपक्यांवरून ओळखायचं. पाणी गढूळ, शार्क समोरून एकदाच जाते, त्यामुळे जी बाजू दिसेल तिचा फोटो घ्यायचा आणि गप्प बसायचं. मागे लागायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम म्हणजे मॅडमसमोर जांभई द्यायची नाही.

मी इथं शिकाऊ. दोन महिन्यांपूर्वी मला उजव्या कुशीवर चुलीच्या तीन दगडांसारखे तीन ठिपके असलेली शार्क दिसली. यादीत असे ठिपके कुणाचेच नव्हते. नवी! चार वर्षांत पहिलीच. मॅडमनी नाव ठेवलं धाकटी जाऊ, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची जागा तुझी." जागा एकच होती आणि आम्ही शिकाऊ दोघं, मी आणि चष्मिस. चष्मिस त्या दिवशी जेवला नाही. मला वाईट वाटलं, पण मी दोनदा वाढून घेतलं, खोटं कशाला बोलू.

तर आज हंगामाचा शेवटचा दिवस. उद्या अहवाल जाणार, एकूण सतरा शार्क, त्यातली एक माझी. होडीवाले काका वर दोर धरून बसले होते आणि मी खाली त्याच दोराला लटकून कॅमेरा लावून होते. पाऊण तास काही नाही. मग वन्स आल्या. डाव्या कुशीवर पाच ठिपक्यांची वाकडी ओळ, लांबूनच ओळखू येतात. मी बटण दाबून धरलं. वन्स शांतपणे पुढे गेल्या, आणि मग खडकापाशी, काय मनात आलं कुणास ठाऊक, वळल्या. वळून माझ्या अगदी हाताच्या अंतरावरून परत गेल्या. उजवी कूस माझ्याकडे.

तीन ठिपके. चुलीचे दगड.

मी पाण्यात काय ओरडले ते सांगत नाही. वर आले तर काकांनी विचारलं, "आलं का कोणी?"

"वन्स."

"आणि तुमची धाकटी?"

"नाही आली," म्हटलं. तेवढंच खरं होतं. कुठून येणार? ती नव्हतीच. दोन महिने मी एका बाईच्या डाव्या बाजूला वन्स म्हणत होते आणि उजव्या बाजूला धाकटी जाऊ.

होडीच्या टोकाला पाठ करून बसले आणि फोटो बघितले. एकापाठोपाठ एक एकतीस, मध्ये खंड नाही. शंकेला जागाच नाही. शेवटचे चौदा पुसले असते तर वन्स आल्या आणि गेल्या, एवढंच उरलं असतं. काका इंजिनाशी झगडत होते. कुणी पाहिलेलं नव्हतं. अंगठा बटणावर होता आणि मला जागा हवी होती हो, फार हवी होती. घरी सांगून झालं होतं, खोली बघून झाली होती.

नाही पुसले. मी फार सज्जन आहे म्हणून नव्हे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? ही बया पुढच्या वर्षी पुन्हा वळणार, आणि तेव्हा कॅमेरा चष्मिसच्या हातात असणार. शिवाय वहीत "धाकटी जाऊ, हजर नाही" असं लिहायला पेन्सिल टेकवली आणि हात पुढे जाईना. किनारा येईपर्यंत तो रकाना कोराच राहिला.

मॅडम त्यांच्या खोलीत अहवालाची पानं लावत होत्या. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि तोंडातल्या तोंडात म्हटलं, "मॅडम, माझी चूक झाली. ती वन्सच आहे."

त्यांनी एकतीस फोटो पाहिले. पुन्हा पाहिले. मला वाटलं, आता फटाका फुटणार. त्या म्हणाल्या, "अजून कुणी बघितलंय?"

"नाही."

मग त्या उठल्या, लोखंडी कपाट उघडलं आणि पहिल्या वर्षांची जुनी वही काढली, पाण्यानं फुगलेली. काही नावांपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. "एकच बाजू मिळाली, आणि आधीच्याच कुणाची ती दुसरी बाजू असेल अशी शंका आली, की करायचे मी," त्या म्हणाल्या. "मग सगळं लॅपटॉपवर चढवलं. तिथं प्रश्नचिन्हाला रकाना नव्हता." त्या खुर्चीत बसल्या. "तुझी एक गेली. आता माझ्या बघू."

प्रश्नचिन्हं तीन होती. तेव्हा मॅडम होडीतून काठीला कॅमेरा बांधून व्हिडिओ घ्यायच्या. त्यातून एक चांगला फोटो काढला की बाकीचा व्हिडिओ कपाटात, पुढचं कुणी बघायचंच नाही. आम्ही बघायला बसलो. मामी खरी निघाली, हुश्श झालं. विहीणबाईंचं काही कळेना, तिथं पुन्हा प्रश्नचिन्ह घातलं. राहिली आत्या.

"ही तू बघ," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. आत्या त्यांची लाडकी. त्यांच्या पहिल्या हंगामात दोनच शार्क सापडल्या होत्या, मावशी आणि आत्या. दोन सापडल्या म्हणून तर पुढच्या वर्षी काम चालू राहिलं होतं.

मी व्हिडिओ सुरू केला. हिरवं पाणी, आत्याची उजवी कूस, स्वच्छ. आणि वरून, होडीतून, एका पोरीचा ओळखीचा आवाज आला, तेव्हा माझ्याएवढीच असेल. "नवी आहे! नवी आहे हो! लिहून घ्या, आत्या, आत्या लिहा!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या, होडी हलली, सगळे हसत होते. खाली शार्क वळली. सावकाश, कुणाचीच घाई नसल्यासारखी, डावी कूस दाखवत कॅमेऱ्यासमोरून परत गेली. मावशी. वर अजून हसणं चालू होतं.

मी व्हिडिओ थांबवला.

"एकच ना?" मॅडमनी खिडकीकडेच बघत विचारलं.

"हो."

"नीट बघितलंस?"

"हो मॅडम."

त्यांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि वहीतली आत्या स्वतः खोडली. मग अहवालाच्या पहिल्या पानावर सतराचे पंधरा केले. "बारा वर्षांचे व्हिडिओ आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे पहिल्यापासून बघायचे. वर्ष जाईल तुझं."

मला रडू आलं. नोकरी मिळाली म्हणून की त्यांची आत्या गेली म्हणून, मला अजून सांगता येत नाही. मी लॅपटॉप मिटायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "ते ओरडणं परत एकदा लाव."