येळवसची ग्रामसभा

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक मी नवऱ्याच्या, म्हणजे बापूसाहेबांच्या, माथी मारल्या. ग्रामसभेची तारीख मात्र मीच काढली होती. तिथं पळवाट नव्हती.

विषय किशनरावांच्या माळाचा होता. चाकूरच्या पुढे आमचं गाव आणि गावाला लागून त्यांचा नऊ एकर मुरमाड माळ. तिथं पीक येत नाही. पण पळस आहेत, हिवर आहेत, गुडघाभर गवत आहे आणि त्या गवतात चंडोल घरटी करतात. पोरं तिथंच क्रिकेट खेळतात, गुडघेदुखीच्या बायका तिथंच फेऱ्या मारतात. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवसला, सगळा गाव आपापल्या रानात पालेभाज्या-डाळींची भज्जी आणि आंबील जेवायला जातो, तेव्हा ज्यांना रान नाही त्यांना किशनराव माळावर बोलावतात. तीस वर्षं इथल्या शाळेत शिकवूनही माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यामुळे दरवर्षी मीही त्यांत असते.

यंदा किशनरावांना दोन्ही मुलांची वाटणी हयातीतच उरकायची होती. प्लॉटिंगवाला तयारच होता. मी हातापाया पडले, तेव्हा ग्रामपंचायत घेत असेल तर कमी भावातही देतो म्हणाले. "पण सालअखेरपर्यंतच थांबतो, बाई. मंग माझा इलाज न्हाई."

गावानं माळ विकत घ्यायचा, तर ग्रामसभेचा ठराव हवा. ग्रामसेवकाला मोकळा दिवस विचारून मी तीस डिसेंबर ठरवला. नेमकी त्याच दिवशी येळवस होती. तो वर्ध्याकडचा, त्याला येळवस काय ठाऊक! सरपंच शिवकन्या भावाच्या लग्नात गुंतलेली, तिनं न बघता सही केली. नोटीस आठ दिवस फळ्यावर लोंबत होती आणि कोणी चकार शब्द काढला नाही. बाईंनी काढलीय तारीख, म्हणजे विचार करूनच काढली असेल, असं म्हणे सगळ्यांना वाटलं. शेतवाल्या घरात अशी चूक कधी होत नाही. तिथं महिनाभर आधीपासून बोटं मोजतात. आमच्या घरी बोलावणं आलं की येळवस कळते, आणि ते आलं आदल्या संध्याकाळी.

सकाळी अकराला मी, शिवकन्या आणि ग्रामसेवक दीडशे रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलो होतो. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, तेही रानात गेलेलं. बापूसाहेब दारातून डोकावून गालात हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दोष कुणाला देणार?

कोरमअभावी सभा तहकूब झाली. मग शिवकन्या म्हणाली, की हीच सभा दुपारी माळावर भरवू. ग्रामसेवकानं नियमांचं पुस्तक चाळून, हद्दीत आहे तर हरकत नाही, असं सांगितलं. येतंय कोण, असं मी विचारलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बाई, येळवसला जेवायला या म्हणल्यावर न्हाई म्हणता येतंय का कुणाला?"

मग ती स्कूटीवरून बांधाबांधाला हाक देत फिरली. ठरावाचं कुणाला काही सांगितलं नाही, किशनरावांकडे भज्जी खायला या, एवढंच. तीन वाजेपर्यंत माळावर जागा उरली नाही. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून प्रत्येकानं आपली आंबिलीची बिंदगी, छोटी घागरच ती, उचलून आणलेली.

मी ठराव वाचला. चंडोल, भूजलपातळी, मुलांचं आरोग्य, सगळं बोलले. लोक शांतपणे बाजरीचे उंडे खात राहिले. वीस एकरांचे मालक महादेवप्पा उठले. पंचायतीचा पैसा या दगडांत कशाला घालायचा, म्हणाले. बसायला जागाच पाहिजे असेल, तर येळवसला माझ्या रानात या, मी कुणाला नको म्हणतो का? बऱ्याच माना हलल्या. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात कोंडाबाई उभी राहिली. ती महादेवप्पांच्याच रानात खुरपायला जाते. ती चारचौघांत बोलल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आप्पा, तुमी लई मायेनं वाढता. पर वीस वर्सं मी ते रान खुरपायलेय आन् येळवसला तिथं पावणी म्हणून बसते. गावात एक रान असं असू द्या, जिथं मी पावणी न्हाई."

ती खाली बसली. महादेवप्पांनी पत्रावळ बाजूला सरकवली. मग भज्जीनं माखलेला हात तसाच वर केला. त्यांच्यामागे बाकीचे हात वर जायला लागले. ग्रामसेवक मोजता मोजता दोनदा चुकला.

येळवसला वाढायचा मान रानमालकाच्या घरचा असतो. ठराव मंजूर झाल्याचं शिवकन्येनं सांगितलं, तेव्हा किशनरावांच्या बायकोच्या हातात आंबिलीचा तांब्या होता. खरेदीखत अजून व्हायचं होतं, पण त्या माउलीनं तेवढी वाट पाहिली नाही. तिनं तो तांब्या कोंडाबाईच्या हातात दिला.

कोंडाबाईनं पदर खोचला आणि ती पहिल्यांदा महादेवप्पांपुढे गेली.

"बसा आप्पा. आज तुमी पावणे."

त्यांनी दोन्ही हातांनी वाटी पुढे केली. पुढचं मला नीट दिसलं नाही. या गावानं मला खूप दिलंय, पण त्या दुपारइतकं कधीच नाही. ती माझ्यापर्यंत आली, तेव्हा मी वाटी धरायला गेले, तर ती म्हणाली, "बाई, तुमी काय बसता? रान तुमचंबी हाय. भाकरी घ्या वाढायला."

मी उठले.