कोठीतले सात महिने

मित्रांनो, मी एक जुना दाब आहे. पुस्तके बांधणारे लोक पानांना खळ लावून ती माझ्या दोन जाड फळ्यांमध्ये ठेवतात आणि वरचे लोखंडी मळसूत्र पिळतात. पाने एकमेकांना धरून बसेपर्यंत मी ती दाबून ठेवतो. एवढेच माझे काम.

बेंगळुरूच्या बळेपेटेत एका सुताराने फणसाच्या लाकडातून मला घडवले. ते साल एकोणीसशे पन्नास. रघुजींनी मला विकत घेतले आणि हातगाडीवरून गवीपुरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणले. रघुजी छावणीतल्या एका खासगी कचेरीत दफ्तरी होते. कचेरीची जाडजूड दफ्तरे शिवायची, फाटलेली सांधायची, ही त्यांची नोकरी. सकाळी कामावर जाण्याआधी ते घरी माझ्यावर बाहेरची पुस्तके बांधत. त्यांच्या पत्नी तानूबाई आनेकलच्या. त्या खळ शिजवत आणि कापडाच्या पट्ट्या कापत. आमच्या घरी बोलणे कमी असे, पण ते सुखाचे होते. लोक पुस्तक हातात घेऊन पाठीवरून बोट फिरवत आणि म्हणत, रघुजीअण्णांची बांधणी उसवत नाही. तेव्हा मला फार बरे वाटे.

रघुजींच्या कचेरीत परसू नावाचा त्यांचा एक मित्र होता. बायकोच्या आजारपणासाठी परसूने एका सावकाराकडून सहाशे रुपये काढले आणि रघुजी त्याला जामीन राहिले. त्यांनी हे घरी सांगितले नाही; माझ्याजवळ बसून स्वतःशी पुटपुटत, म्हणून मला तेवढे कळले. पुढे बायको गेली, आणि परसूही एक दिवस नोकरी सोडून निघून गेला. कुणी म्हणे तो येलहंक्याला दिसला. रघुजी तीन रविवार तिकडे जाऊन आले, पण परसू भेटला नाही.

मग सावकाराने दावा लावला आणि कोर्टाचे कागद येऊ लागले. ते इंग्रजीत होते आणि रघुजींना इंग्रजी येत नव्हते. कुणाला वाचायला दिले असते तर उघड झाले असते. म्हणून त्यांनी ते कागद माझ्याच फळ्यांमध्ये घातले आणि मळसूत्र घट्ट पिळले. मी आयुष्यात पुष्कळ कागद धरले, पण त्या कागदांसारखा भार मला कधी वाटला नाही. कोर्टाच्या तारखेला रघुजी गेलेच नाहीत. निकाल त्यांच्याविरुद्ध लागला आणि कचेरीने त्यांचा निम्मा पगार कापायला सुरुवात केली. कचेरीची भरभराट नाही, सगळ्यांचाच पगार कमी झाला आहे, असे त्यांनी तानूबाईंना सांगितले. ते छावणीपर्यंत चालत जाऊ लागले. मंदिरात आणि शेजाऱ्यांकडे जाणे त्यांनी सोडले. माझ्याजवळ बसत, पण हात चालत नसत.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या श्रावणात कोर्टाचे जप्ती करणारे अमीन यल्लाप्पा दोन हमाल घेऊन दारात आले. रघुजी कामावर होते.

"अक्का, स्वल्प बाजूला व्हा," ते हळूच म्हणाले. "हुकूम आहे. माझा इलाज नाही."

मला उचलायच्या आधी त्यांनी मळसूत्र सैल केले, आणि चपटे झालेले चार कागद जमिनीवर पडले. तानूबाईंनी ते उचलले. त्यांनाही ते वाचता येत नव्हते, पण लाल शिक्का कळत होता. मला नेले तेव्हा त्या कागद हातात धरून उंबऱ्यातच उभ्या होत्या.

मित्रांनो, कोर्टाची कोठी कशी असते हे देव करो आणि तुम्हाला न कळो. माझ्या एका बाजूला कुणाची सायकल होती, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी पाळणा. प्रत्येकावर चिठ्ठी बांधलेली. तिथे कुणी कुणाचे नव्हते. माझ्या मळसूत्रावर गंज चढला आणि फळ्यांत वाळवी शिरली. दोनदा मला लिलावासाठी अंगणात काढले. लोक आले, हात लावून पाहिले आणि निघून गेले. मी कशासाठी आहे हेच त्यांना कळत नव्हते. परत आत नेले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, पण आपण कुणालाच नको आहोत असेच वाटत राहिले.

यानंतरचे मला तानूबाईंकडून कळले. त्या मला पुसता पुसता बोलत असत.

माझ्या लिलावाची तिसरी तारीख निघाली तेव्हा तानूबाईंनी नवऱ्याला विचारले नाही. ते चार कागद पदरात बांधून त्या बसवनगुडीत विद्याधर वकिलांच्या घरी गेल्या. वकिलांची पुस्तके रघुजीच बांधत. मागच्या खेपेला त्यांनी ती काही न सांगता तशीच परत केली होती, म्हणून वकील रागावले होते. कागद वाचल्यावर त्यांचा राग गेला.

"पगार किती आहे रघुजींचा?"

"पूर्वी चौऱ्याऐंशी मिळायचे. आता बेचाळीस आणतात."

वकिलांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढले. ते माझ्याच फळ्यांत दोन दिवस राहून गेले होते. त्यातला उतारा त्यांनी मराठीत समजावून सांगितला. त्या काळच्या कायद्याप्रमाणे महिन्याच्या पगारातल्या पहिल्या शंभर रुपयांवर जप्ती येत नसे. त्यावरच्या रकमेतला निम्माच भाग घेता येई. आणि कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे हेही कुणाला नेता येत नसे.

"तानूबाई, यातला एक पैसासुद्धा कापायला नको होता," ते म्हणाले. "पण हे कोर्टात येऊन कुणीतरी सांगायला हवं होतं."

तानूबाई पायरीवर बसून राहिल्या. घरी येऊन त्यांनी रघुजींना सगळे सांगितले. रघुजींनी ते चार कागद हातात घेतले. मग म्हणाले, "म्हणजे मी नुसतं विचारलं असतं तरी..."

वकिलांनी अर्ज केला. न्यायाधीशांनी मला समोर आणवले आणि हे काय आहे ते रघुजींनाच विचारले. रघुजींनी माझे मळसूत्र फिरवून दाखवले. गंजामुळे ते करकरले. "यावर माझं पोट आहे, स्वामी," ते कानडीत म्हणाले. पगाराची कपात थांबली आणि सात महिन्यांनी मी घरी आलो. कर्ज मात्र माफ झाले नाही. कापलेले पैसे त्यात वळते झाले आणि उरलेल्याचा वकिलांनी महिना पाच रुपये हप्ता ठरवून दिला. शेवटचा हप्ता एकसष्टच्या पौषात भरला गेला. परसू कधीच परतला नाही.

रघुजी पूर्वीसारखे झाले नाहीत. सचोटीने काम करत, पण माणसांत मिसळत नसत. परसू गेल्यापासूनची ती दोन वर्षे त्यांनी एकट्याने सोसली आणि नंतरही ते एकटेच राहिले. पासष्ट साली ते गेले. तानूबाईंच्या मनगटांत आता मळसूत्र पिळण्याची ताकद नाही. मी भिंतीला लागून उभा आहे, आणि माझ्याकडे काम घेऊन कुणी येत नाही.

मित्रांनो, मला तेल घाला असे मी म्हणणार नाही. माझे झाले. पण तुमच्या घरात कुणी कागद लपवून गप्प गप्प राहू लागले, जेवताना मान वर करेनासे झाले, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. मीही रघुजींजवळ होतो. सगळे मला ठाऊक होते. फक्त मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.