आजोबांचे पथ्य

हुएफाबाईंनी मेलेला उंदीर शेपटीला धरून अजगराशेजारी ठेवला आणि दोघांची जाडी नजरेने ताडून पाहिली. भक्ष्य सापाच्या अंगाहून जाड नसावे. जिवंत उंदीर चावतो, म्हणून मेलेलाच बरा. उइदा गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवताना हे त्यांनी कितीतरी पोरांकडून घोकून घेतले होते. त्यांतलाच एक, त्यांचा पुतण्या वीन्यों, आज कोतोनू शहरातून पिशवीभर उंदीर घेऊन आला होता आणि दारातच त्याने तो धडा बिनचूक म्हणून दाखवला होता.

अजगराची जीभ लवलवली, मग तोंड वळवून तो रांजणामागच्या गारव्यात जाऊन बसला.

घराण्यात त्या अजगराला पूर्वज मानून आजोबा म्हणत. आजोबा आपल्या मरणाने जाईपर्यंत त्यांचे घर विकायचे नाही, असा नियम होता; आणि या घरासाठी वीन्योंने एक हॉटेलवाला गाठून ठेवला होता. वर्षभर तो त्या नियमाला अंधश्रद्धा म्हणत आला. अलीकडे मात्र त्याला आजोबांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली होती. विवेकवाद इतक्या सहज भक्तीत विरघळलेला पाहून बाईंना, धर्मांचे इतिहास वाचलेले असल्यामुळे, फारसे नवल वाटले नव्हते.

त्यांनी चिमट्याने उंदराचा ओठ उचलला. हिरड्यांतून रक्त झिरपले होते. पोट चिरायची गरज नव्हती, तरी त्यांनी चिरले. आतही रक्तच होते, आणि त्यात कोठारांत उंदरांसाठी टाकतात ते विषाचे निळे दाणे, अर्धवट विरघळलेले.

त्यांनी हात दोनदा धुतले आणि चूल पेटवली.

वीन्यों अंगणातून जेवायला आत आला तो आजोबांची चौकशी करतच.

“नखरे करतात,” त्या म्हणाल्या. “तुझ्या काकांच्या वळणावर गेलेत.”

“भूक लागली की घेतील, काकू. मी स्वतः निवडून आणलेत.”

“ते दिसलं मला.”

त्यांनी मक्याचा अकासा वाढला आणि त्याच्यापुढे लाल तिखट रश्शाचा वाडगा ठेवला. रश्शात मांसाचे बारीक तुकडे होते.

“हे कसलं?”

“तूच आणलेलं. शेतातला उंदीर तुला लहानपणापासून आवडतो. आजोबांना नको, म्हणून टाकून कशाला द्यायचा?”

पाहुण्याने आणलेल्या मांसाचा पहिला घास पाहुण्यानेच घ्यायचा, अशी त्या घरची जुनी रीत होती. पूर्वजांनी ती का घातली असावी, यावर बाईंच्या कपाटातल्या ग्रंथांचे एकमत नव्हते.

वीन्योंने अकासाचा गोळा मोडला. तो बोटांत वळला. पुन्हा वळला. वाडग्यापर्यंत गेलेला हात काठावरच थांबला.

“सकाळपासून पोट बरं नाही,” तो म्हणाला.

“आजोबाही तेच म्हणतात बघ.”

त्याने मोडलेला गोळा पानात परत ठेवला. मग तो उठला, हात धुऊन फाटकापाशी गेला आणि तिथून वळून, अगदी प्रेमाने, म्हणाला,

“पुढच्या रविवारी येतो, काकू. आजोबांना काही नको. या खेपेला तुमच्यासाठीच काहीतरी आणतो.”

“आण,” हुएफाबाई म्हणाल्या. “पहिला घास तुझाच.”

कडी लावून त्या परत आल्या, त्याच्या पानावर बसल्या आणि त्यांनी वाडगा पुढे ओढला. त्याच्याचसाठी सकाळी कापलेली कोंबडी होती. जराशी निबर, पण शिजली होती बरी.