फिकं पडलेलं कोकम

गुरुवारी तारकर्लीच्या त्या माडांच्या बागेत पाय ठेवायला जागा नसे. सगळ्यांचे डोळे बाबली महाराजांच्या काचेच्या पेल्यावर. पेल्यात लालभडक कोकमाचं पाणी. महाराज त्यात चिमूटभर पांढरं भस्म टाकत, बुबुळं वर नेत, आणि ढवळता ढवळता लाल रंग पार उडून जाई.

"बघितलास? तुझ्या रक्तातलो ताप भस्मान ओढून घेतलो. आता डॉक्टराच्यो गोळ्यो दर्यात टाक."

ताप रक्तातला आणि उडतो पेल्यातून, हे कसं, असं कुणी विचारत नसे. दोन्ही हात जोडलेले असले की बोट वर करायला हात उरत नाही.

संचिताच्या सासूनं, सत्यवतीनं, तीन आठवड्यांपूर्वी हे तीर्थ घेतलं. तोंड लाल झालं, उठताना भोवंड आली. "देव अंगात रिघलो," म्हणत महाराजांनी तिच्या दंडाला बीपीचं मशीन लावलं. आकडा उतरलेला. त्या दिवसापासून सत्यवतीच्या गोळ्या बंद. आज ती नातीला घेऊन आली होती. रिया पाच वर्षांची, दम्याची. तिचा पंप संचिताच्या पिशवीत कायम असे आणि संचिताचा कान लेकीच्या श्वासावर.

"आई, रियाक नको."

"तुका काय कळता? माझो बीपी उतरलो मा?"

पेला रियाच्या ओठांजवळ आला, तसा संचिताला वास आला. नुकत्याच ओढलेल्या आगकाडीसारखा. हा वास तिच्या ओळखीचा होता. गेल्या मे महिन्यात बचत गटाला काजूच्या बोंडांचा रस टिकवायला शिकवलं, तेव्हा शिकवायला आलेल्या बाईंनी अशाच वासाची पावडर दिली होती. 'तोलूनच घाला. जास्त पोटात गेली तर काहींचा दाब उतरतो. दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो. आणि कोकमात घालू नका, रंग जातो.' ती पुडी बघून सत्यवती म्हणाली होती, "असली इखां माझ्या घरात नको." आता तेच इख ती दर गुरुवारी हात जोडून पीत होती.

"थांबा, घरातला कोकम आणतंय," म्हणत संचितानं रियाला कडेवर घेतलं. घर कुंपणापलीकडेच. सून वठणीवर आली, असं बायकांना वाटलं. ती परतली ती कोकम सरबताचा पेला आणि सासूच्या नकळत ठेवून दिलेली ती पुडी घेऊन. सगळ्यांसमोर तिनं चिमूट टाकली, ढवळली. कोकम फिकं पडलं.

"ते कारखान्याचं रसायन," महाराज शुद्ध मराठीवर आले. "आमचं भस्म हिमालयातलं आहे."

"मग दोन्ही हुंगून बघूया."

ट्रॉलरवर कोळंबी धरण्यात जन्म काढलेला महादू पुढे झाला. आधी पुडी हुंगली, मग भस्माचा डबा.

"ही माका ठावक आसा. सुंगटां काळी पडू नयेत म्हणान हीच मारतत. हिमालयात सुंगटां गावतत काय रे बाबल्या?"

पहिल्यांदा त्या बागेत कुणी हसलं.

"आता आईंका मशीन लावा," संचिता म्हणाली. "आज तीर्थ घेण्याआधी."

महाराजांनी मशीन मागं सारलं. महादूनंच पट्टा बांधला, बटण दाबलं. एकशे ब्याऐंशी. सत्यवतीनं तो आकडा दोनदा वाचला.

"ही पावडर जास्त पोटात गेली की काही जणांच्या रक्तवाहिन्या सैल पडतात," संचिता लोकांकडे वळली. "म्हणून तोंड लाल, म्हणून भोवंड, म्हणून दाब उतरलेला. पण घटकाभर. हे नेहमी तीर्थानंतर मोजतात, दुसऱ्या दिवशी कधी मोजलं? आणि दमेकऱ्याचा यानं श्वास कोंडू शकतो. माझ्या पोरीचा कोंडला असता, तर त्यालाही हे देवच म्हणाले असते."

महाराज पेले आवरू लागले. देवाला अचानक दुसरीकडे काम निघालं होतं.

त्याच दुपारी डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर सत्यवतीनं गोळी साध्या पाण्याबरोबर घेतली.

"माका घरचा कोकमाचा आगळ तरी देशात मा?"

"त्यात मीठ आसता आई. ता पण बेतान."

सत्यवती सुनेकडे बघत पुटपुटली, "ह्या चेडवाक सगळ्यात काय ना काय दिसताच."

दिसलंच पाहिजे. समोर आलेला पेला देवाचा असो की दुकानाचा, आत काय आहे हे विचारण्यात पाप नाही. न विचारता लेकराच्या तोंडाला लावण्यात आहे.