अकरा खिळे

भरदुपारी वीज पडली ती थेट दोन भावांच्या घरांमधल्या अक्रोडावर. कानठळ्या बसल्या, खिडक्यांची तावदानं खळ्ळकन फुटली आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एका बाजूची साल अशी उडाली की तिच्या ढलप्या धाकट्याच्या दारात जाऊन रुतल्या. चिरलेल्या बुंध्यातून वाफ निघत होती. दोन माणसांच्या कवेत न मावणारं झाड, एका क्षणात मेलं.

थोरल्याला वाईट वाटलंच, खोटं कशाला बोला. पण त्याला धास्ती बसली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या बुंध्यात त्याने अकरा खिळे ठोकले होते.

नऊ वर्षं झाली त्याला. धाकट्याला घर वाढवायला फळ्या हव्या होत्या, आणि थोरला म्हणत होता, बाबांनी लावलेल्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. शब्दाने शब्द वाढला, दोघांनी एकमेकांची गचांडी धरली, धाकट्याचा ओठ फाटला. दुसऱ्या दिवशी तो घरी नाही असं बघून थोरल्याने हातोडा घेतला आणि वीतभर लांबीचे खिळे डोकी आत जाईपर्यंत हाणले. आता काप म्हणावं! खिळ्यांचं लाकूड आऱ्याला लावणं म्हणजे मरणाला बोलावणं, हे वखार चालवणाऱ्या या दोघांना कोणी सांगायला नको. खिळे आहेत, एवढंच धाकट्याला सांगायचं होतं. पण संध्याकाळी तो स्वतःच येऊन म्हणाला, "जाऊ दे दादा, राहू दे तुझं झाड." मग कुठल्या तोंडाने सांगणार? सालीने भोकं बुजवली आणि थोरल्याने विषय.

चौथ्या दिवशी धाकट्याने ओंडका वखारीत आणून आऱ्याच्या ट्रॉलीवर चढवला. थोरला धावतच पोचला. सोललेल्या बाजूवर त्याने बोटं फिरवली. काळवंडलेल्या फटींत सहा-सात भोकं लागली, पण रिकामी. विजेने खिळे वितळवले असणार, सगळेच वितळवले असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. मोठं सोयीचं मन होतं त्याचं.

"काय शोधतोयस, दादा?"

"काही नाही. हे जाळून टाकू या रे. आतून तडकलेलं असणार."

धाकटा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "दुसरं काही कारण असलं तर सांग."

थोरल्याचे ओठ हलले. पण नऊ वर्षं रोज एका ताटात जेवल्यासारखे राहिले होते दोघं. ते एका वाक्यात मोडायचं? "कारण कसलं आलंय! तू बटणाकडे जा, आऱ्याजवळ मी उभा राहतो."

"मी राहतो की."

"थोरला कोण आहे इथे? जा म्हटलं ना!"

धाकट्याने बटण दाबलं. आऱ्याचा दातेरी पट्टा गरगरू लागला. पहिली फळी लोण्यासारखी निघाली. थोरल्याने सुटकेचा श्वास सोडला आणि ट्रॉली पुन्हा पुढे रेटली. हातभर लाकूड कापलं असेल नसेल, तोच लोखंडाने किंकाळी फोडली. ठिणग्यांचा लोट उठला, पट्टा तुटला आणि सुटलेलं टोक सपकन बाहेर येऊन थोरल्याचा उजवा हात कोपराखाली उडवून गेलं. समोरच्या भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली.

धाकट्याने आरा बंद केला, कमरेचा पट्टा उपसला आणि तुटक्या हाताच्या उरलेल्या भागाभोवती दातओठ खाऊन आवळला. ओरडत होता, रडत होता.

"किती ठोकले होतेस? बोल ना! किती?"

थोरल्याने डोळे मिटले. "अकरा."

धाकट्याचं तोंड पांढरंफटक पडलं. त्याने रक्ताळलेला हात खिशात घातला आणि गंजके खिळे काढून जमिनीवर टाकले. सात होते.

"वीज पडली त्याच दिवशी दिसले मला. आपल्याच वखारीतले. उपटून ठेवले," तो म्हणाला. "आणखी आहेत का, ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, दादा. मला वाटलं, बटण दाबेपर्यंत तरी सांगशील."