कोअरमधली एक ओळ

"ओढा प्लग," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घसा खाकरला. "आज नको ना, बाई. आज पाहुण्यांना फक्त वेग दाखवायचं ठरलंय आपलं. प्लगचं नंतर बघू निवांत."

"नंतर कशाला? त्यांच्याकडची वीज काय आपल्याला विचारून जाणार आहे?"

पाहुणे मिशीतल्या मिशीत हसले. ज्या कंपनीला बाईंनी लिहिलेला हा ड्रायव्हर घ्यायचा होता, तिथले ते मुख्य इंजिनिअर. बेताचं बोलणारा, पिकल्या मिशांचा गृहस्थ. "ओढू द्या की," ते म्हणाले. "मी तेच बघायला आलोय."

ऑफिसात बाईंना पाठीमागे प्लगबाई म्हणत, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. डिस्कवर माहिती लिहिली जात असताना मध्येच विजेचा प्लग उपटायचा, पुन्हा लावायचा आणि काय वाचलं, काय गेलं ते बघायचं, ही त्यांची रीत. इतर लोक ड्रायव्हर किती जोरात पळतो ते मोजत. बाई म्हणत, पळेल हो कुणीही, पडल्यावर उठतो का ते बघा.

आता ड्रायव्हर म्हणजे काय, हे न सांगता पुढे जाण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यामध्ये एक चिप बसलेली असते. डिस्कवर काय कुठे ठेवायचं, काय उचलून आणायचं, हा सगळा कारभार तिच्याकडे. पण ऑपरेटिंग सिस्टिमला चिपची भाषा येत नाही आणि चिपला सिस्टिमची. दोघींमधला दुभाष्या तो ड्रायव्हर. जगरहाटी अशी, की जितक्या सिस्टिम तितके ड्रायव्हर, आणि जितके ड्रायव्हर तितके घोळ. बाईंनी ही रहाटी मानली नाही. त्यांनी ड्रायव्हरचे दोन भाग केले. चिपशी बोलणारा भाग तो कोअर. तो एकच, सगळ्यांसाठी. त्याच्यावर प्रत्येक सिस्टिमपुरता एक पातळ लेयर. सिस्टिम बदलली की लेयर नवा लिहायचा, कोअरला मात्र बोट लावायचं नाही. नवरा शहरात बस चालवायचा. त्याला त्यांनी सोपं करून सांगितलं होतं, "इंजिन तेच ठेवायचं, फक्त पाटी बदलायची."

"नशीबवान आहेस," तो म्हणाला होता. "आमच्याकडे पाटी तीच आणि इंजिन रोज निराळं."

साहेब वयाने धाकटे, एके काळी बाईंच्याच हाताखाली शिकलेले. माणूस गुणी, पण त्यांना ही एका कोअरची कल्पना कधी पचली नाही. त्यांना हव्या होत्या तीन टीम आणि तीन वेगळे ड्रायव्हर. रोजची वादावादी नको म्हणून शेवटी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत पैज लागली. दोन सिस्टिमवर बाईंचा कोअर चालत होताच, गिऱ्हाइकांकडे पोचलाही होता. पाहुण्यांची सिस्टिम तिसरी, इथे कुणीच न हाताळलेली. कोअरमधली एकही ओळ न बदलता तिच्यावर ड्रायव्हर चालला, तर पुढची सगळी कामं त्याच कोअरवर, बाईंच्या हाताखाली. एक ओळ जरी बदलावी लागली, तर कोअर मोडीत आणि तीन टीमच्या तीन वाटा. बाईंनी हो म्हणताना क्षणाचाही विचार केला नव्हता. स्वतःच्या कामावर त्यांचा विश्वास होता, आणि तो उगाच नव्हता.

तर प्लग ओढला. पंखे थांबले. पुन्हा लावला, मशीन सुरू झालं, आणि तपासणीचा प्रोग्रॅम एकेक फाइल उघडून बघू लागला. पहिल्या काही बऱ्या निघाल्या. मग एक रिकामी निघाली. मग आणखी एक. ड्रायव्हरने 'झालं, लिहिलं' असं छातीठोक सांगितलेल्या फायली, आणि आत काही नाही.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब खाली मान घालून बुटांकडे बघत राहिले. पाहुण्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "उद्यापर्यंत आहे मी इथे." एवढंच बोलून ते चहाला गेले.

दुपार व्हायच्या आत बाईंना कारण सापडलं, आणि सापडल्यावर त्यांनी स्वतःला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. चिपकडे स्वतःची थोडी मेमरी असते. आलेली माहिती ती आधी तिथे ठेवते, लगेच 'झालं' म्हणते, आणि डिस्कवर सावकाश उतरवते. पत्र पोस्टमनच्या पिशवीत पडलं की पोचलं म्हणावं, तसला प्रकार. बाईंच्या कोअरने चिपचं ते 'झालं' तसंच्या तसं वर कळवलं होतं. नेमकं काय झालं, पिशवीत पडलं की घरी पोचलं, हे विचारायचंच राहून गेलं होतं. पहिल्या दोन सिस्टिम मुळातच संशयी. त्या आपणहून मागे लागायच्या, 'उतरवलं का डिस्कवर? आत्ता उतरव.' म्हणून तिथे प्लग ओढूनही काही बिघडलं नव्हतं. पाहुण्यांची सिस्टिम भाबडी. तिने दिल्या शब्दावर विश्वास ठेवला.

साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हे लेयरमध्ये टाका ना. या सिस्टिमच्या लेयरनेच चिपला दर वेळी उतरव म्हणून सांगायचं. कोअर जसाच्या तसा राहील. पैज तुमची. मी एक अक्षर बोलणार नाही."

"तुम्ही? तुम्हाला तर तीन टीम हव्यात."

"हव्यातच. पण तुम्हाला असं हरवून नकोत."

बाईंना भरून आलं. मोह तर झालाच, नाही कशाला म्हणा. त्यांनी लेयरमध्ये ते लिहिलं, प्लग ओढला, आणि सगळ्या फायली सुखरूप निघाल्या. साहेब टाळी द्यायला हात पुढे करून उभे राहिले. पण बाई उठून कोपऱ्यातल्या जुन्या मशीनपाशी गेल्या होत्या. त्यावर पहिल्या गिऱ्हाइकाची सिस्टिम होती. ती संशयी खरी, पण दर वेळी? एखादी भली मोठी फाइल इकडून तिकडे हलवताना? बाईंनी तशी एक फाइल हलवायला लावली आणि 'झालं' दिसताच प्लग ओढला. जुन्या जागेवरून फाइल पुसली गेली होती आणि नव्या जागी ती अर्धीच होती.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "हे दुखणं लेयरचं नाही. कोअरचं आहे. म्हणजे माझं."

"असं कितीदा होणार आहे, बाई? मोठी फाइल, त्यात नेमकी वीज जाणार. झाकली मूठ आहे, झाकलेली राहू द्या."

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी नवऱ्याने वर्दीचा शर्ट खुंटीला लावता लावता विचारलं, "मग? जिंकलीस?"

"जिंकता येईल. सगळ्यांनी तोंड शिवून घेतलं तर."

त्यांनी सगळं सांगितलं. तो स्टुलावर बसून ऐकत राहिला. मग म्हणाला, "टाक की लेयरात आणि हो मोकळी. इतकी वर्षं उठताबसता कोअर कोअर ऐकतोय मी. आता ऐन वेळी घालवणार?"

"आणि ज्यांच्याकडे आधीच गेलाय, त्यांचं काय हो?"

त्याने उठून दोघांची ताटं वाढून घेतली.

"मला फार वाईट वाटतंय," बाई म्हणाल्या. "रागही येतोय. माझी कल्पना चुकलेली नाही हो. एक ओळ चुकली माझी."

"मग ते तसंच सांग ना त्यांना," तो म्हणाला. "जेव आता."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोअर उघडला आणि ती ओळ घातली. माहिती डिस्कवर उतरल्याची खात्री चिपने दिल्याशिवाय वर कुणाला 'झालं' म्हणायचं नाही. तिन्ही सिस्टिम तपासल्या, तिन्ही धड निघाल्या. मग फोन उचलला. पहिल्या गिऱ्हाइकाने आभार मानले. दुसऱ्याने सालटी काढली, आणि बाईंनी ती काढू दिली. "हो, चूक माझी. नाही, तुमच्या लोकांची नाही. कोअर मी लिहिलाय," एवढं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. पाहुण्यांना समोर बसवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वेग कमी होणार?"

"होणार."

"चालेल. असाच द्या."

पण दुसऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार तोवर वरपर्यंत पोचली होती. साहेब मीटिंगहून आले ते पडलेल्या चेहऱ्याने. "वरचे म्हणतात, एकच कोअर होता म्हणून एका चुकीत तिन्ही ठिकाणी बोंब झाली. वेगळे ड्रायव्हर असते तर एकीकडेच झाली असती."

"आणि एका ओळीत तिन्ही ठिकाणी मिटली, ते नाही दिसलं त्यांना?"

"मी म्हटलं तसं. खरंच म्हटलं. पण पैज सगळ्यांसमोर लागली होती, बाई."

"होय की. शब्द दिलाय, मी कुठे नाही म्हणतेय."

संध्याकाळच्या आत तीन टीम ठरल्या आणि कोअरच्या तीन नकला निघाल्या, एकेका टीमला एकेक. आपापली नक्कल ज्याने त्याने आपल्या सिस्टिमला सोयीची म्हणून हवी तशी कापायची, वाढवायची. वाटण्या झाल्यावर घरात भिंती उठतात, तसंच इथे होणार हे बाईंना दिसत होतं. वर्षभरात या तिघांना एकमेकांची ओळखही राहणार नव्हती. त्यांनी नकला चाळून बघितल्या. गडबडीत कुणीतरी त्या जुन्याच कोअरवरून काढल्या होत्या. नवी ओळ एकीतही नव्हती.

"राहू द्या, बाई," साहेब म्हणाले. "ज्या त्या टीमचे लोक घालतील उद्या."

"नको. मी घालते."

साहेब निघून गेले. बाईंनी पहिली नक्कल उघडली आणि ती ओळ लिहिली. दुसरी उघडली आणि तीच ओळ पुन्हा लिहिली. एकच गोष्ट दोनदा लिहावी लागू नये म्हणून ज्या बाईने आयुष्यातली उमेदीची वर्षं घालवली, तिने तिसरी उघडली, जागा नीट बघून घेतली आणि तीच ओळ तिसऱ्यांदा लिहिली.