मेडलचा टाक

बायको मंजुळाबाई वारल्यापासून अभिमन आबा शेतातून घरी आले की दाराशी उभे राहत. आतून कडी निघायची वाट बघत. मग ध्यानात यायचं की कडी बाहेरून आपणच लावली आहे.

जाताना ती एकच गोष्ट मागून गेली होती. धनसिंगचा वीर निघाला पाहिजे.

त्यांच्या भावकीत लढाईत पडलेल्या माणसाचा वीर होतो. त्याच्या नावानं टाक घडवतात, म्हणजे तळहातात मावेल असा चांदीचा पत्रा, त्यावर घोडेस्वार उठवलेला. तो देव्हाऱ्यात पूर्वजांच्या शेजारी बसवतात. धूळवडीला सगळे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, लाल फडक्यात बांधून, डफ वाजवत नदीवर नेतात, न्हाऊ घालतात, नाचवतात. टाकावर नाव नसतं. कोणता स्वार कोण, हे बाप मुलाला सांगतो. ज्याचा वीर निघतो, तो असा घरात राहतो. बाकीचे विसरले जातात.

धनसिंग त्यांचा एकुलता एक मुलगा. दोंडाईच्याच्या बाजारात गोऱ्हा विकायला गेला तो गेलाच. तिथं लढाईची भरती चालली होती, त्यात तो शिरला. घरच्यांनी शोधत येऊ नये म्हणून त्यानं गाव मामाचं सांगितलं, आडनावही मामाचंच लावलं. इटलीत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या छातीत शिरला. डॉक्टरांना तो काढता आला नाही. तो तुकडा घेऊनच पोरगा घरी आला, काही वर्षं खोकत राहिला आणि एका उन्हाळ्यात गेला.

कोणाचा वीर काढायचा हे ठरवायचा मान भावकीतल्या वना नानांकडे होता. आबा त्यांच्या ओट्यावर गेले तेव्हा भावकीतली चार माणसं तिथंच बसली होती.

“खाटलावर मरेल माणूस वीर कसा व्हई?” नाना म्हणाले. “मन्हा बाप बी खोकलीनच मरना. त्याले बी नाचाडू का?”

बसलेले हसले.

“तुमना बाप बिड्या पीसन मरना, नाना. मन्हा पोऱ्याना छातीमा लोखंड व्हतं.”

“ते लोखंड कोनी देखं?” नानांनी पानाची पिचकारी टाकली. “हाई देख, अभिमन. धुळाले सरकार दगड बसाडी ऱ्हायनं, लढाईना लोकेसना नावेसना. त्यावर धनसिंगनं नाव येऊ दे. मग मी सोता डफ वाजाडसू.”

या वेळी कोणी हसलं नाही. नाना मनापासून बोलले होते.

होळी जवळ आली तसे आबा धुळ्याला गेले. सोल्जर बोर्डाच्या कचेरीत कादर म्हणून एक जुना हवालदार टेबलामागे बसला होता. एक पाय लाकडाचा. त्यानं आबांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“लढाईच्या जखमेनं घरी येऊन गेला, तरी नाव घेतो आम्ही,” तो म्हणाला. आबांना वाटलं, उठून त्याचे पाय धरावेत. “पोराचे कागद आणलेत?”

“कागद त्याना कोटमा व्हतात. कोट त्याना अंगवरच व्हता.”

कादरला समजायला क्षणभर लागला. मेलेल्याचं आवडतं कापड अंगावर घालूनच चितेवर न्यायचं, ही गावची रीत. खिसे कोण तपासतो?

“बरं. पत्रं?”

“वाळवीनं खाल्ली.”

“हरकत नाही. मेडल तर असेल? मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. तेवढा नंबर मिळाला की मी पलटणीला लिहितो. बाकी काही नको.”

आबांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली, आतलं फडकं उलगडलं आणि टाक टेबलावर ठेवला. पांढुरका, पातळ पत्रा, त्यावर हातात तलवार घेतलेला घोडेस्वार.

“हे काय?”

“हाईच मेडल शे, भाऊ.”

कादरनं टाक हातात घेतला. कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग परत. कड कातरीनं कापून गोल केलेली होती.

धनसिंगला जाळून आले त्यानंतर महिना-दीड महिन्यानं मंजुळाबाईनं खुंटीवरचं मेडल काढलं आणि त्याचा टाक घडवून घ्यायला ती आबांना घेऊन दोंडाईच्याला सोनाराकडे गेली. राजानं दिलेलं आहे, तेव्हा चांदीचंच असणार, असं दोघांनाही वाटलं होतं. सोनारानं कसोटीवर घासलं आणि मान हलवली.

“अक्का, ही चांदी नाही. गिलट आहे. माझ्या भट्टीत गळायचं नाही. ठोकून पातळ करावं लागेल.”

“मग ठोक.”

“राजाचं तोंड जाईल.”

“जाऊ दे. मन्हा पोऱ्याना टाकवर राजानं काय काम?”

“कडेला पोराचं नाव आहे. तेही जाईल.”

मंजुळाबाई तेव्हा हसली होती. पोरगा गेल्यानंतर पहिल्यांदाच. “नाव मले पाठ शे,” ती म्हणाली.

आबा शेजारीच उभे होते. बायको किती बरोबर बोलली, असं त्यांना वाटलं होतं.

“नंबर आठवतो का?” कादरनं विचारलं. “घरात कधी बोलला असेल.”

“घरमा पोऱ्याले कोनी नंबरवरथून हाक मारस का?”

कादरनं तरी दोन-तीन वाटा सांगून पाहिल्या. पण मामाच्या आडनावाचे धनसिंग ढीगभर, मामा मरून गेलेला, बरोबर कोण होतं ते ठाऊक नाही. शेवटी त्यानं टाक फडक्यात नीट गुंडाळून परत दिला. टाक देताना त्यानं दोन्ही हात लावले.

“माझ्या शेजारी पडला तो पाचोऱ्याकडचा होता,” तो म्हणाला. “तिकडेच राहिला. तिकडच्या दगडावर त्याचं नाव आहे. त्याच्या बापाला काही करावं लागलं नाही. हाल होतात ते घरी येऊन गेलेल्यांचे, आबा.”

“म्हंजे घर उना हाईच त्यानी चूक.”

आबा उत्तरासाठी थांबले नाहीत.

परतताना ते दोंडाईच्याला उतरून सोनाराकडे गेले. म्हणाले, “हिनी पुसेल नाव पुन्हा घाल.” सोनारानं पत्रा उजेडाकडे धरला. स्वाराच्या छातीपाशी पत्रा इतका पातळ झाला होता की उजेड आरपार दिसत होता.

“आता छिन्नी लावली तर फाटेल,” तो म्हणाला. “आणि आबा, नाव घातलं तर देव्हाऱ्यात कोण बसवू देईल?”

धूळवडीला सकाळपासून डफ वाजत होते. वीर आबांच्या दारावरून गेले. फेटे बांधलेली माणसं, गुलाल, लाल फडकी, मागे बाया. नानांनी जाताना दाराकडे बघितलं आणि डफाचा ठेका थोडा हळू केला. तेवढंच. थांबले नाहीत. त्यांना थांबताही आलं नसतं.

सगळे परतल्यावर आबा टाक घेऊन नदीवर गेले. पाण्यावर गुलाल तरंगत होता. नाना एकटेच पायऱ्यांवर पाय धूत बसले होते. दमले होते, अंगात भांग होती. त्यांनी आबांच्या हातातलं फडकं ओळखलं आणि सरकून जागा दिली.

आबांनी टाक धुतला. राखेनं घासला, पुसला.

“नाना, मी मरसू तवय याले ध्यानमा ठेवशात ना? हाऊ धनसिंग शे, इतलंच कोनले तरी सांगजा.”

नानांनी ओंजळभर पाणी पायांवर ओतलं.

“मी तुन्हा आगोदर जासू, अभिमन,” ते म्हणाले. थट्टा नव्हती त्यात. “आनि मन्हा पोऱ्या सुरतले गिरणीमा शेतस. त्यासले आमनाच वीर वळखू येतस नही.”

“मग याले काय करतीन?”

“जेनं कोनी नही, त्याना टाक पानीमा सोडी देतस.”

आबांनी टाक पाण्यावर धरला. आज ना उद्या कोणीतरी सोडणारच, तर आपल्याच हातानं सोडावा, असं त्यांच्या मनात आलं. बोटं उघडली नाहीत. नाना उठून गेले तरी ते तसेच बसून राहिले, पाणी गार पडेपर्यंत.

देव्हाऱ्यात तो बसवता येत नव्हता. मंजुळाबाई ठेवायची तसा त्यांनी तो ज्वारीच्या कोठीत ठेवला, दाण्यांत.

दळायला ज्वारी काढताना हात आत जातो आणि पत्र्याची कड बोटाला लागते. आबा तिथंच थांबतात. “धनसिंग,” म्हणतात, मोठ्यानं, जसं कोणाला तरी पाठ म्हणून दाखवावं तसं. कधी पूर्ण नाव म्हणतात. मग गावाचं नाव. मामाच्या नव्हे, स्वतःच्या.

घर तसंच असतं. ते ज्वारी सुपात घेतात, कोठीचं झाकण लावतात.